पुरानंतरची वायरिंग: चिपळुणातल्या एका घराच्या कामाची वही

५ ऑगस्ट २०२१, गुरुवार

आज घर पहिल्यांदा पाहिलं. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, तळमजला आणि वर एक मजला. १९९४ चं बांधकाम. वायरिंग सगळी कन्सिल: स्लॅबमधून पाऊण इंची पीव्हीसी पाइप फिरवलेले आणि तिथून भिंतींच्या पोटातून बोर्डांपर्यंत उतरवलेले. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं ते माजघरात सात फुटांवर जाऊन थांबलं. २००५ च्या पुराची रेघ घरमालक काकांनी देवघराच्या भिंतीवर पेन्सिलीने मारून ठेवली होती, ती माझ्या कमरेला लागते. यंदाची रेघ मारायला त्यांना स्टूल घ्यावं लागलं.

घर धुऊन झालंय. फरशी स्वच्छ, भिंतींना ओल, आणि कोपऱ्याकोपऱ्यात तो वास. काकू म्हणाल्या, "भाऊ, गणपतीपर्यंत दिवे लागतील ना?" दहा सप्टेंबरला चतुर्थी. हातात पाच आठवडे. हो म्हणालो.

सर्व्हिस वायर खांबावरून सोडलेली आहे, भिजलेला मीटर महावितरणने काढून नेलाय. तरीही हात लावण्याआधी टेस्टर आणि होल्डरचा दिवा (दोन वायरींवरचा साधा बल्ब) दोन्ही लावून पाहिले. तिथं काहीच नव्हतं. मग भाच्याला घेऊन वरच्या मजल्यावर गेलो आणि तिथं थांबलो. वर इन्व्हर्टर आहे. पाणी वर पोचलं नाही म्हणून तो वाचला, बॅटरीत अजून जीव आहे, आणि त्याची एक लाइन तळमजल्याच्या दिव्यांना जाते. पुढचं बटण बंद होतं, इतकंच. कुणी वर येऊन सहज दाबलं असतं तर खाली चिखलाने भरलेल्या बोर्डात २३० व्होल्ट उतरले असते आणि मेन बंद आहे म्हणून आम्ही निर्धास्त हात घालून बसलो असतो. बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढली, मग पॉझिटिव्ह. दोन्ही टोकांना टेप गुंडाळून चिठ्ठी लावली. पुराच्या घरात गेलं की आधी इन्व्हर्टर शोधायचा, हे भाच्याला तीनदा सांगितलं.

६ ऑगस्ट, शुक्रवार

तळमजल्याचे नऊ बोर्ड उघडले. प्रत्येक पेटीच्या तळाशी दोन बोटं गाळ, वरून साय धरल्यासारखा गुळगुळीत आणि आत अजून ओला. ओटीवरच्या बोर्डात एक मेलेली पाल सापडली, बाकी सगळीकडे नुसता गाळ.

स्विच, सॉकेट, रेग्युलेटर, मेनमधले सगळे एमसीबी (शॉर्ट झालं की आपोआप पडणारे खटके), सगळं एका घमेल्यात टाकलं. काकांना पटेना. एमसीबी हातात घेऊन ते खालीवर करत होते. "खटकन चालू-बंद होतोय की रे. धुऊन वाळवला तर?" मी एक एमसीबी त्यांच्यासमोर रिव्हेट तोडून उघडला. आतल्या द्विधातूच्या पट्टीवर, लहानशा कॉइलवर, ठिणगी विझवणाऱ्या पत्र्यांच्या चवडीत, सगळीकडे तांबूस थर. खटका आपल्या बोटाने हलतो. पण शॉर्ट झाल्यावर तो आपला आपण पडला पाहिजे, तेही निमिषात, आणि गाळ बसलेला खटका तेव्हा पडेल याची कुणीही खात्री देऊ शकत नाही. आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा खटका, तर त्याहून नाजूक. काका बराच वेळ त्या उघड्या एमसीबीकडे बघत बसले, मग स्वतःच घमेलं उचलून बाहेर ठेवून आले.

७ ऑगस्ट, शनिवार

मेगर लावला. ५०० व्होल्ट डीसीचा. वायरीवरची साल वीज किती अडवते ते तो मोजतो; आकडा जितका मोठा तितकी साल चांगली. त्याआधी सगळे दिवे, पंखे, इंडिकेटर सोडवले. इंडिकेटर राहिला तर तोच फॉल्ट दाखवतो आणि दिवस वाया जातो.

तळमजल्याची सहा सर्किटं. पुढचे दिवे-पंखे ०.०३ मेगओहम. मागचे दिवे ०.०५. फ्रिज-टीव्हीचे सॉकेट ०.०१. स्वयंपाकघराची पॉवर ०.०२. गिझर ०.०८. विहिरीच्या पंपाची लाइन सरळ शून्य. वरचा मजला वेगळा काढून पाहिला: १८ मेगओहम. सत्तावीस वर्षांच्या वायरला ठीक आहे.

०.०३ म्हणजे तीस हजार ओहम. २३० व्होल्टला तिथून साडेसात मिलीअँपिअर गळतात. अशी चार सर्किटं एका आरसीसीबीवर आली की तीस मिलीअँपिअर झालेच, आणि तो पडला. गेल्या आठवड्यात गावात दहा घरांत "नवा आरसीसीबी टिकत नाही, खराब निघाला" म्हणून तो काढून सरळ जोडून दिल्याचं ऐकलं. आरसीसीबी खराब नसतो. पाइपातून गळणारा करंट तो मोजतो आणि त्याचं काम करतो. ओल्या भिंतींच्या घरात तो काढून टाकणाऱ्या माणसाला मी वायरमन म्हणणार नाही.

९ ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला. वर तात्पुरता पुरवठा सुरू केला. नवा मीटर शनिवारी संध्याकाळी बसला होता, तिथून वेगळी आर्मर्ड केबल थेट जिन्यावरून वर नेली आणि एका प्लायवर डबल पोल एमसीबी व ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. तळमजला पूर्ण तुटलेला. काकूंनी वर चहा केला, तोही मिक्सरमध्ये आलं वाटून. अठरा दिवसांनी मिक्सर फिरला.

खाली एक प्रयोग करून बघतोय. पुढच्या दिव्यांच्या सर्किटची सगळी तोंडं उघडी ठेवली, वायरी आतच, आणि बोर्डासमोर टेबल फॅन लावला. काकांचं म्हणणं आहे की वायर वाळली तर बदलायची कशाला. प्रश्न रास्त आहे, खर्च त्यांचा आहे. मापाने ठरवू.

१२ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवसांच्या वाऱ्याने ०.०३ चे १.८ झाले. आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकातला जुना हिशेब असा की ५० ला पॉइंटांच्या संख्येने भागायचं तेवढे मेगओहम हवेत, आणि पूर्ण जोडणीकडून १ पेक्षा जास्त मागायचं नाही. त्या हिशेबाने पूर्ण घराला चालणारा आकडा एकट्या सर्किटवर मिळाला. काका खूश.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. रात्रभर पाऊस. सकाळी तेच सर्किट पुन्हा मोजलं: ०.३. एका ओल्या रात्रीत सहापट घसरलं. कुठेही पाणी शिरलेलं नाही. पाइपाच्या आत बसलेला गाळ हवेतली ओल पुन्हा ओढून घेतो, इतकंच.

मग त्याच सर्किटची एक वायर बोर्डापासून वीतभर आत कापली आणि साल सोलली. नवं तांबं सोलल्यावर गुलाबीसर चमकतं. हे काळं होतं, मधल्या तारांवर हिरवट भुकटी, आणि अंगठ्याने दुमडल्यावर तीनपैकी एक तार कट्कन तुटली. अजून एक वीत आत कापली, तिथंही काळं. साल बाहेरून धडधाकट, लाल रंग तसाच्या तसा. पाणी सालीतून शिरत नाही, ते टोकातून शिरतं आणि तारांच्या मधल्या फटीतून कंदिलाच्या वातीसारखं चढत जातं. तुकडा काकांच्या हातावर ठेवला. बाकी काही बोलावं लागलं नाही.

ठरलं: तळमजल्याची एकूण एक वायर बदलायची. पाइप जमतील तितके वाचवायचे.

१४ ऑगस्ट, शनिवार

पाइप वाचवण्याचं काम वाटलं त्याहून निराळं आहे. वरून, स्लॅबमधून बोर्डांवर उतरणारे पाइप तसे बरे निघाले. पुराचं पाणी त्यांत चढलं आणि उतरताना गाळ सोबत घेऊन पेटीत पडलं. त्रास आहे तो बोर्डापासून खाली फूटभरावरच्या सॉकेटला जाणाऱ्या पाइपांचा. त्यांच्या खालच्या बेंडमध्ये गाळ बसलाय, वायरींच्या भोवती दाबून भरल्यासारखा.

भाच्याने पहिली वायर जोरात खेचली. साल सोलून हातात आली, तांबं आतच राहिलं. थांबवलं त्याला. मग बोर्डाच्या बाजूने पाइपात पाणी सोडायला सुरुवात केली, बारीक नळीने, थोडं थोडं. काकू दारात उभ्या होत्या. "अहो भाऊ, एवढं पाणी काढलं घरातनं आणि तुम्ही परत भिंतीत ओतताय?" त्यांचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं. पण वाळलेला गाळ दगडासारखा धरतो, तो आधी भिजवल्याशिवाय सोडत नाही. पुरवठा तुटलेला असताना, वायर टाकूनच द्यायची असताना, पाणी हेच औषध.

पाच मिनिटं काहीच नाही. सॉकेटच्या पेटीतून आधी बुडबुडे, मग एक तपकिरी थेंब, मग गुडगुड आवाज आणि एकदम बोटाएवढी चिखलाची कांडी बाहेर पडली, पाइपाच्या आकाराचीच, बेंडाच्या वळणासकट. भाच्याने ती तळहातावर घेतली. मागोमाग गढूळ पाणी, आणि मग निवळ. आता वायरी हाताने हलक्या ओढल्या तर एकेक करत सुटून आल्या. शेवटची वायर काढताना तिच्या शेपटाला नायलॉनची दोरी बांधून घेतली. दोरी पाइपात राहिली की पुढचं अर्धं काम झालं. त्या दोरीला सुती चिंध्यांची गाठ बांधून तीन वेळा इकडून तिकडे फिरवली, चिंधी कोरडी आणि स्वच्छ येईपर्यंत.

संध्याकाळपर्यंत चार पाइप. एकूण अकरा आहेत.

१६ ऑगस्ट, सोमवार

आणखी पाच पाइप मोकळे. पंक्चरवाल्याचा छोटा कॉम्प्रेसर दोन तास मागून आणला. हवा बेताचीच मारायची, जुन्या पाइपाचे जोड सुटतात.

१७ ऑगस्ट, मंगळवार

शेजारच्या घरातून बोलावणं. त्यांची भिंत झिणझिण्या देतेय. मुलगी ओल्या हाताने भिंतीला टेकली आणि किंचाळली.

मल्टीमीटरने भिंतीची ओल आणि अर्थ यांच्यात ९० व्होल्ट दिसले. डिजिटल मीटरवर असा आकडा दिसला की घाई करायची नसते, कारण त्याला एवढासा करंटही पुरतो. शेजारून जाणाऱ्या वायरीमुळे तुटक्या वायरीतही तो साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. खरं-खोटं करायला होल्डरचा दिवा लावून मोजायचं. दिवा लावल्यावर आकडा खाली आला, दिवा पेटला नाही, म्हणजे मागे मोठा जोर नाही. पण पूर्ण शून्यही झाला नाही. शिवाय मुलीला झटका बसला होता, तो मीटरने दाखवलेला भास नव्हता. मेन उघडून पाहिलं तर आरसीसीबी बायपास. दोन वायरी थेट एकमेकींना पिळून जोडलेल्या. पुरानंतर पाच दिवसांनी "कुणीतरी" येऊन चालू करून गेलं होतं.

मेन तिथल्या तिथे बंद केला. शेजारच्या दादांना स्पष्ट सांगितलं की आज रात्री अंधारात काढा, उद्या सकाळी आठ वाजता मी येतो. ते नाराज झाले, मुलीची आई मात्र लगेच मेणबत्त्या शोधायला लागली.

१८ ऑगस्ट, बुधवार

शेजारी सकाळी दोन तास. न्हाणीघराच्या भिंतीत गिझरची फेज वायर पाइपाच्या तोंडाशी, पत्र्याच्या पेटीच्या धारेवर कापली गेली होती. पेटीला अर्थ नाही. पेटी ओल्या प्लास्टरला चिकटलेली, म्हणून सगळी भिंतच जिवंत. ते सर्किट तोडून ठेवलं, नवा आरसीसीबी जोडला, तो टिकला. बाकीचं त्यांचं काम या घरानंतर.

दुपारनंतर आपल्या घरी. माजघराच्या मुख्य बोर्डाचा पाइप अडलाय. वरच्या जंक्शन बॉक्समधून वायर ओढायची स्प्रिंग टाकली तर ८५ सेंटिमीटरवर थांबते, खालून बोर्डातून टाकली तर ५५ वर. बॉक्स ते बोर्ड अंतर मोजलं दीड मीटर. म्हणजे अडथळा त्या दहा सेंटिमीटरांत. भिंतीवर दोन खुणा केल्या. बरोबर त्याच जागी एक जुना खिळा, कधीतरी फोटो लावलेला.

१९ ऑगस्ट, गुरुवार

खुणांच्या मधलं प्लास्टर छिन्नीने हळूहळू काढलं. गवंड्याला बोलावलं नाही. पाइपाजवळ हातोडा कसा चालवायचा ते स्वतःच्या हाताला जास्त कळतं.

आत जे निघालं ते इथं नीट लिहून ठेवतो. केव्हातरी खिळ्याने पाइप फुटला आणि फेज वायर दुखावली. कुणीतरी तिथं पाइपाचा चार बोटं तुकडा कापून काढला, वायर तोडून पुन्हा पिळली, वर काळी टेप गुंडाळली, आणि उघड्या जागेवर कपलर न घालता तसंच प्लास्टर मारून दिलं. सिमेंट दोन्ही बाजूंनी पाइपात उतरून घट्ट झालं. टेप आता नुसती गोंदाची चिकट साल उरली होती. खाली फेजची पीळ आणि तिच्या बाजूला न्यूट्रल, मध्ये ओलं सिमेंट. मेगरवर पुढच्या सर्किटचे ०.०३ आले त्यातला मोठा वाटा या चार बोटांचा असणार.

काकांना आठवलं, पाहुण्यांच्या गडबडीत एकदा दिवे गेले होते, एक मुलगा येऊन अर्ध्या तासात करून गेला होता. पुराआधी ही जागा किती वर्षं शांत होती कुणास ठाऊक. कोरडी होती तोवर चालली.

पाइपाच्या पोटात सांधा ठेवायचा नाही, हे मी माझ्या वस्तादांकडून पहिल्या महिन्यात शिकलो. सांधा हवाच असेल तर पेटी बसवा, झाकण लावा, म्हणजे पुढच्या माणसाला तो सापडतो. भिंतीत पुरलेला सांधा कुणालाच सापडत नाही.

दुरुस्ती: दोन्ही टोकं आरीने सरळ कापली, आतली धार चाकूने मारली (ही धारच नव्या वायरीची साल कापते), आतलं सिमेंट लांब ड्रिल बिटने हाताने फिरवून काढलं, नवा तुकडा, दोन कपलर, सॉल्व्हंट सिमेंट. एक रात्र सुकू दिलं. स्प्रिंग एका दमात पार गेली.

२० ऑगस्ट, शुक्रवार

पंपाची लाइन सोडून दिली. स्वयंपाकघरातून फरशीखालून मागच्या विहिरीकडे पाइप जातो, दोन्ही टोकं वर आणि पोट खाली. तिथं पाणी शिरलं की जायला वाटच नाही. पूर नसतानाही तिथं ओल साचतच असणार. फरशी फोडून तोच पाइप दुरुस्त करणं म्हणजे पुढच्या पावसात तेच दुखणं. वायरी कापून दोन्ही तोंडं बुच मारून बंद केली. नवी लाइन भिंतीवरून, आठ फुटांवरून, उघड्या पाइपात क्लॅम्प मारून नेली. काकूंना दिसायला आवडली नाही. मागच्या पडवीत आहे, रंग मारून देऊ म्हणालो.

२१ ऑगस्ट, शनिवार

आज काका आणि मी जिन्यात बसून दोन तास बोललो. या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तिथं झाला.

मुख्य डीबी (सगळे एमसीबी बसतात ती पेटी) पूर्वी ओटीवर होता, पाच फुटांवर. आता जिन्याच्या वळणावर, यंदाच्या रेघेच्या वर तीन फूट. वरचा आणि खालचा मजला पूर्ण वेगळे: दोघांना आपापला डबल पोल आयसोलेटर, आपापला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आपापली न्यूट्रल पट्टी. पाणी वाढायला लागलं की काकूंनी जिन्यावर उभं राहून खालचा एक आयसोलेटर खाली पाडायचा. खालचा मजला फेज-न्यूट्रलसकट तुटेल आणि बाहेरून पुरवठा येतोय तोवर वर दिवा राहील. २२ जुलैला पहाटे ते दोघं अंधारात वर बसून होते. तेव्हाचं बोलताना काका थांबले, मग म्हणाले, "पाणी दिसत नव्हतं रे. नुसतं ऐकू येत होतं."

खालचे सॉकेटही वर घेतोय, फुटावरचे साडेचार फुटांवर. पुढचं पाणी सात फूट आलं तर तेही बुडतील, पण दोन-तीन फुटांच्या पाण्यात वाचतील. खालच्या पेट्या बंद करून पाइप तिथंच कापले. अकरातले पाच पाइप असे वाचवूनही सोडून दिले. आधी हे ठरलं असतं तर धुण्याचे दोन दिवस वाचले असते. पुढच्या पूरग्रस्त घरात हे बोलणं पहिल्या दिवशी.

२२ ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा. सुट्टी. काकूंनी डब्यात नारळीभात दिला.

२५ ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस वायर ओढणं. दिव्यांना दीड स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) जाडीची, सॉकेटना अडीच, गिझरला चार. नव्वद मीटरची सात बंडलं लागली. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी, आणि रंग कुठंही बदलायचा नाही, वायर कमी पडली तरी.

वायर ओढायला दोन माणसं लागतात आणि दोघांचा श्वास जुळावा लागतो. एक भरतो, एक खेचतो. भरणाऱ्याने वायरींना पीळ न पडू देता, शंखजिऱ्याची पूड लावत, तळव्यातून सरळ सोडायच्या. तेल लावायचं नाही, साल खराब होते. साबणही नको. भाचा खेचत होता. बेंडापाशी अडलं की मी "थांब" म्हणायचो, बोटभर मागे घ्यायचो आणि मग "ये". तिसऱ्या पाइपापासून मला थांब म्हणावं लागलं नाही, त्याच्या हाताला बेंड कळायला लागला.

एका पाइपात पूर्वी नऊ वायरी कोंबलेल्या होत्या. पाइपाच्या पोटाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग भरायचा नाही, एवढं धरून चाललो आणि तिथं पाचच घातल्या. बाकीच्यांना शेजारून दुसरी वाट.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

डीबी बसला, पुरवठा दिला, आणि फॉल्ट आला.

दोन्ही आरसीसीबी टिकतात. सगळे एमसीबी चालू, दिवे लागतात, पंखे फिरतात. जिन्याचा दिवा लावला की आरसीसीबी पडतो. कधी खालचा, कधी वरचा, एकदा दोन्ही. भाचा म्हणाला, "मामा, होल्डरमध्ये पाणी गेलं असेल." होल्डर कोरडा. जिन्याच्या लाइनचा मेगर ४० मेगओहम. गळती कुठेच नाही आणि तरी गळती दाखवतोय.

जिन्याचा दिवा टू-वे आहे, खाली एक स्विच, वर एक. १९९४ ला ज्याने केलं त्याने फेज खालच्या मजल्याच्या बोर्डातून उचलली आणि न्यूट्रल जवळ पडली म्हणून वरच्या बोर्डातून घेतली. तेव्हा सगळ्या घराची न्यूट्रल पट्टी एकच होती, म्हणून सत्तावीस वर्षं काहीच बिघडलं नाही. आता मी मजले वेगळे केले. खालच्या आरसीसीबीतून करंट जातो तो परत येत नाही, वरच्यातून परत येतो तो गेलेलाच नसतो. नऊ वॉटचा एलईडी दिवा, त्याचा करंटही चाळीस मिलीअँपिअरच्या वर. दोघांनाही ती गळतीच वाटते आणि जो आधी जागा होतो तो पडतो.

हे शोधायला चार तास लागले. मेगरवर हा फॉल्ट दिसत नाही, कारण वायरी चांगल्याच आहेत, जोडणी चुकीची आहे. शेवटी दोन्ही न्यूट्रल पट्ट्या सुट्या करून त्यांच्यात मल्टीमीटर लावला आणि वरच्या पट्टीतली एकेक वायर काढत गेलो. जिन्यातली काढली आणि तिढा सुटला.

जिन्याचा पाइप पुरता भरलेला, नवी न्यूट्रल खालून ओढायला जागा नाही. म्हणून उलटं केलं: फेजही वरच्याच मजल्याची दिली. खालच्या स्विचला आता खालच्या बोर्डातून एकही वायर येत नाही, सगळ्या वरूनच. तळमजला बंद केला तरी जिन्यात उजेड राहणार, पुराच्या रात्री हवा तसाच. पण त्याचा दुसरा अर्थ असा की खालचा मजला तोडल्यावरही जिन्याच्या खालच्या स्विचमध्ये फेज जिवंत असेल. म्हणून तो स्विच तिथून काढून सातव्या पायरीवर, रेघेच्या वर नेला, आणि खालची पेटी कायमची बंद.

३१ ऑगस्ट, मंगळवार

अर्थिंग. मागच्या अंगणातला खड्डा गाळाने बुजला होता. उकरल्यावर पाइप ठीक, पण अर्थची पट्टी क्लॅम्पपाशी गंजून तुटलेली. म्हणजे घराला अर्थ नव्हताच, पुराआधीपासून नसावा. पट्टी बदलली, क्लॅम्प नवा, जोडावर ग्रीस. मोजलं: ३.८ ओहम. हे भर पावसातलं माप आहे, मे महिन्यात वाढणार. मेमध्ये पुन्हा मोजायचं, वहीत लाल शाईने लिहिलंय.

४ सप्टेंबर, शनिवार

गच्चीवरच्या दिव्याचा पाइप वर उघडाच होता. तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, म्हणून पाणी कमी शिरायचं. घर काढलं, तोंड खाली वळवून बेंड लावला.

८ सप्टेंबर, बुधवार

शेवटची तपासणी. सर्व सर्किटं मेगरवर: पुढचे दिवे २०० च्या वर, मागचे २०० च्या वर, स्वयंपाकघर १५०, फ्रिज-टीव्ही २०० च्या वर, पंप २०० च्या वर. गिझर ६०. नवी वायर असून ६० कमी आहे. न्हाणीघराची भिंत अजून ओली, पाइपात ओल उतरत असावी. वापरायला सुरक्षित, तरी माझं समाधान नाही.

दोन्ही आरसीसीबी टेस्ट बटणाने पाडून पाहिले, मग प्रत्येक सॉकेटवर टेस्टर यंत्राने. दोन्ही तीस मिलीअँपिअरच्या आत पडतात. काकूंना महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबायला शिकवलं. त्यांनी कॅलेंडरवर प्रत्येक संकष्टीला खूण करून ठेवली, म्हणजे विसरणार नाही म्हणाल्या.

मखरासाठी देवघरात वेगळा सॉकेट दिला, साडेचार फुटांवर. मुंबईहून मुलगा-सून उद्या येतायत, आरास तेच करणार. तोरणांच्या माळा एकाच मल्टिप्लगवर लटकवू नका, एवढं काकांना सांगितलं.

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: प्रत्येक सर्किटचं नाव, वायरीची जाडी, आजचं माप, कोणता पाइप कुठून जातो त्याचा हाताने काढलेला नकाशा, आणि सोडून दिलेल्या पाइपांच्या जागा. माजघरातल्या त्या कपलरचीही खूण त्यात आहे, फरशीपासून १ मीटर ९७ सेंटिमीटर.

बाकी: शेजारच्या दादांचं न्हाणीघर, उद्यापासून. या घरी दिवाळीनंतर, भिंती सुकल्या की, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेगर घेऊन यायचं. सुरुवात गिझरच्या सर्किटपासून.